स्पार्क प्लग घरीच बदला, पण जुना प्लग बघूनच टाका



पहाटे दुधाचे कॅन अडकवले आणि गाडी सुरूच होत नाही. टाकीत पेट्रोल आहे, किक मारून पाय दुखला, तरी इंजिन धरत नाही. किंवा चालता चालता झटके देते, ॲव्हरेज कमी झालंय. अशा वेळी आधी स्पार्क प्लग तपासावा. प्लग बदलणं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मात्र घाईत इंजिनच्या हेडचे आटे गेले, तर प्लगच्या कित्येक पट खर्च बसतो. म्हणून क्रम पाळा.

*१) योग्य प्लग आणा.* गाडीच्या पुस्तिकेतला नंबर दुकानदाराला दाखवा. नुसता दिसायला सारखा प्लग घेऊ नका. आटे जास्त लांब असतील तर प्लग पिस्टनला लागू शकतो. काही गाड्यांना दोन प्लग असतात, ते दोन्ही एकदमच बदला.

*२) इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.* चावी बंद ठेवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग फिरवला तर आटे खराब होतात.

*३) कॅप काढा, जागा साफ करा.* कॅप धरून सरळ ओढा, वायर ओढू नका. प्लगभोवती शेतातली माती साचलेली असते. सायकलच्या पंपाने हवा मारा, नाहीतर ती माती थेट सिलेंडरमध्ये जाते.

*४) प्लग खोला.* प्लगपाना सरळ, पूर्ण बसवून डावीकडे फिरवा. जाम असेल तर जोर करू नका, मेकॅनिकला दाखवा.

*५) गॅप बघा.* बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना ०.८ ते ०.९ मिमी गॅप लागतो. पुस्तिकेतला आकडा बघून फीलर गेजने मोजा. वाकवायची ती बाहेरची पट्टीच, मधल्या टोकाला धक्का लागू देऊ नका.

*६) नवा प्लग आधी हातानेच बसवा.* अडखळला तर लगेच उलटा फिरवून पुन्हा लावा. हाताने शेवटपर्यंत बसला की मगच पान्याने अर्धा फेरा. जुनाच प्लग परत लावत असाल तर फक्त एक अष्टमांश फेरा. मग कॅप घट्ट दाबून बसवा.

*आता जुना प्लग उजेडात धरा.* इंजिनच्या आत काय चाललंय ते तोच सांगतो:
• फिकट तपकिरी – इंजिन ठीक.
• कोरडी काळी काजळी – एअर फिल्टर धुळीने भरलेला असू शकतो, किंवा पेट्रोल जास्त जातंय.
• काळा, तेलकट, ओला – ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासून घ्या.
• पांढरा, फोड आलेला – इंजिन जास्त तापतंय. गाडी तशीच पळवू नका.

शेवटच्या दोन प्रकारांत नुसता प्लग बदलून भागत नाही. गाडी चार दिवस बरी चालेल, दुखणं आत वाढत राहील. तो जुना प्लग खिशात घालून मेकॅनिककडे जा.

*सावधान:* प्लग बाहेर काढून ठिणगी बघण्याचा प्रयोग करू नका. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, भडका उडू शकतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपालाही हीच पद्धत, फक्त प्लगचा नंबर आणि गॅप वेगळा. मेसेज जपून ठेवा, घरातल्या पोरांनाही दाखवा.