आधी मी, मग प्रेम?

चि. मुक्तास,


‘आधी मला माझी ओळख पटू दे, मग प्रेमाचं बघू,’ असं तू लिहिलंस. लग्न उरकून टाक असं मीही म्हणणार नाही. पण तुझ्या म्हणण्यामागचं गृहीत मला पटत नाही: आपला ‘मी’ आत कुठेतरी तयार होऊन बसला आहे, एकांतात शोधला की सापडेल, आणि मग तो घेऊन माणसांत जायचं. माणूस असा घडत नाही. आपल्याला काय सोसवतं, काय मुळीच चालणार नाही, कशासाठी झिजायची तयारी आहे, हे जिवाभावाच्या माणसाशी पटेनासं झालं की कळतं. परक्याशी पटलं नाही तर आपण उठून जातो. जिथून उठवत नाही, तिथेच स्वतःला तपासावं लागतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ या नजरेने पुन्हा वाच. अकराव्या वर्षी लग्न, अक्षरओळख त्यानंतरची. 1895 मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार मोडला. नवऱ्यामागे जाणं हाच बायकोचा धर्म मानला जाई, त्या काळात लक्ष्मीबाईंनी आपला धर्म लगेच सोडला नाही आणि नवऱ्यावरची मायाही आटू दिली नाही. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं टाकलं नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे हे स्वतःच्या विचाराने पटलं, तेव्हा ते गळून पडलं; बाप्तिस्मा त्यानंतर. हा ‘मी’ टिळकांच्या आधीपासून तयार नव्हता, आणि टिळकांत विरघळलाही नाही. 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते महाकाव्य पुढे नेलं ते लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या या बाईंनी. आयुष्याला अर्थ कुठून येतो असं तू विचारतेस, तेव्हा मला ते अपुरं हस्तलिखित आठवतं.

तू म्हणशील, त्यांना दुसरा मार्ग तरी कुठे होता? खरं आहे. टिळकांचा तापट स्वभाव, घरातलं उचलून कुणालाही देऊन टाकण्याची सवय, या सगळ्याची झळ लक्ष्मीबाईंनाच लागली. त्या सक्तीचं कौतुक मी करणार नाही. तुझ्या हातात पगार आहे, दार उघडून बाहेर पडता येतं, ते तसंच राहू दे. पण बाहेर पडता येणं म्हणजे आत न शिरणं नव्हे. सुनीता देशपांड्यांनी 1990 मध्ये ‘आहे मनोहर तरी’त नवऱ्याबरोबरच्या सहजीवनाचा हिशेब मांडला, तो पुष्कळांना रुचला नाही. मला मात्र त्यात आपुलकी आणि जाब एकाच हाताने लिहिलेले दिसतात. इतकं स्पष्ट लिहायला आधी इतकं जवळ जावं लागतं.

तेव्हा पुढच्या पत्रात ‘मी अजून तयार नाही’ असं लिहू नकोस. तुमचं दोघांचं कशावर पटत नाही ते लिही, आणि तुझं ‘नाही’ ऐकल्यावर तो काय करतो तेही.

तुझी,
मावशी