सारसाची दोन अंडी

आपल्या बालाघाट जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपत आली की वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठच्या बांध्यांतून कधी कधी तुतारीसारखा नाद उमटतो. नराच्या एका हाकेला मादी दोन हाकांनी उत्तर देते. ही सारसांची जोडी होय. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ सहा फूट भरतो. वाल्मीकींच्या करुणेचा विषय झालेला क्रौंच हाच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

एवढा मोठा पक्षी, पण मादी वर्षाला बहुधा दोनच अंडी घालते. तितराच्या घरट्यात सहा-आठ अंडी सापडतात. त्यांतली निम्मी गेली तरी वंश चालतो. सारसाचा हिशेब निराळा आहे. तो दीर्घायुषी असतो, जोडी सहसा आयुष्यभर टिकते आणि थोड्याच पिलांवर दोघेही जिवापाड मेहनत घेतात. तेव्हा अंडी किती घातली यापेक्षा पिले किती उडाली, हाच येथे यशाचा खरा मापदंड ठरतो.

घरटे म्हणजे उथळ पाण्यात गवत व लव्हाळे रचून केलेला ओटा. भोवतालचे पाणी हाच त्याचा तट. पाणी आटले तर कुत्री आणि कोल्हे थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात. एकाएकी चढले तर अंडी बुडतात. पाणी हळूहळू वाढू लागले, तर सारस आणखी गवत ओढून ओटा उंच करतात. एका रात्रीच्या मुसळधार पावसापुढे मात्र त्यांचा इलाज चालत नाही. अंडी लवकर नष्ट झाली तर जोडी कधी कधी पुन्हा घरटे बांधते. पण तोवर पावसाळ्याचे दिवस सरत आलेले असतात.

नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. बादशहा जहांगीर याने पाळलेल्या सारसांच्या जोडीचे नाव लैला-मजनू होते. इसवी सनाच्या सतराव्या शतकात त्याने स्वतः दिवस मोजून चौतीस दिवसांनी पिलू बाहेर आल्याची नोंद आपल्या आत्मवृत्तात केली. आजचे पक्षिशास्त्रज्ञही हा काळ सुमारे तेवढाच सांगतात. राज्यकारभारातून बादशहाला एवढी सवड कशी मिळाली, हे मात्र नवलच!

पिलू जन्मल्यावर थोड्याच वेळात चालू लागते, पण उडायला त्याला सुमारे तीन महिने लागतात. धोक्याची सूचना मिळताच ते गवतात निपचित पडते. कावळे, कुत्री, कीटकनाशके आणि पुढे विजेच्या तारा यांतून ते वाचले पाहिजे.

ओटा बांधीत असल्याने शेतकऱ्याचे थोडे धान वाया जाते. त्याने ते घरटे उपटून फेकले, तर त्या जोडीचे वर्ष फुकट जाते. निंदणी करताना त्याने तेवढाच तुकडा सोडून दिला, तर दोन जीव वाचू शकतात. हा निर्णय पावसासारखा दैवाधीन नाही. गोंदियाची ‘सेवा’ संस्था गावकऱ्यांना सोबत घेऊन हेच पटवून देत आली आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस, जून महिन्यात, तळी आणि नदीकाठ पहाटेपासून धुंडाळून सारसांची गणना केली जाते. त्या वेळी दोन उंच पक्ष्यांच्या शेजारी तपकिरी मस्तकाचा तिसरा उभा दिसला, तर मागच्या पावसाळ्यात कोणत्या तरी बांधीतले एक घरटे सुखरूप राहिले होते, असे समजावे.