आकडे रांगेत उभे करताना

अंधेरी पूर्वेला बसून मी आर या संगणकभाषेत मुंबई उपनगर जिल्ह्याचे अहवाल बनवते. कोड चालवला की तक्त्यांसकट वेबपान तयार. हातानं काही नटवायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात तोच कोड पुन्हा चालणार.

१. नावं डावीकडे, आकडे उजवीकडे. एककाखाली एकक आलं की मोठा आकडा वाचण्याआधीच दिसतो. अंकांची रुंदी मात्र सारखी हवी. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधली ‘टॅब्युलर-नम्स’ ही खूण तेवढ्याचसाठी आहे.

२. स्वल्पविराम आपले हवेत. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. माझ्या पहिल्या तक्त्यात ती ९,३५६,९६२ अशी उमटली. मुलुंडच्या बैठकीत एका काकांनी त्यावर बोट ठेवलं. “ताई, हे नऊ लाख की नव्वद?” मला घाम फुटला. आरची नेहमीची सोय तीन-तीन अंकांचेच गट पाडते. आरच्याच ‘जीटी’ या तक्त्यांच्या पॅकेजमध्ये ‘सिस्टिम’पुढे ‘इंड’ लिहिलं की लाख-कोटी येतात. एवढं सोपं होतं, आणि मी शोधलंच नव्हतं.

३. त्याच काकांचा दुसरा प्रश्न: “आमचं मुलुंड कुठाय?” तक्ता तालुकावार होता. जिल्ह्याचे तालुके तीन, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड-घाटकोपर कुर्ल्यात मोडतात. हे मला ठाऊक, पण मुलुंडला जन्म काढलेल्या माणसाला ते का ठाऊक असावं? तेव्हापासून कुठला भाग कुठल्या तालुक्यात ही तक्त्याखालची टीप मी कोडातच लिहिते, म्हणजे दर महिन्याला ती आपोआप येते.

४. आधी क्रमवारी, मग सजावट. स्वल्पविराम पडला की संख्येची अक्षरं होतात आणि ९,८०० हा १२,४००पेक्षा मोठा ठरतो.

५. ‘कुर्ला’ लिहून बघा. वर रफार, खाली उकार. रोमन लिपीसाठी बेतलेल्या तंग ओळींत दोन्ही शेजारच्या रेघांना घासतात. ओळीची उंची मी अक्षराच्या १.६ पट ठेवते.

६. नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नये. झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी.

७. तक्ता फोनवर बघायचा. बोरिवली फास्ट लोकलमध्ये एक हात कडीला, दुसऱ्यात फोन. आडवं सरकवलं की तालुक्याचं नाव पडद्याबाहेर जायचं आणि आकडे बेवारशी व्हायचे. आता पहिला रकाना मी ‘स्टिकी’ करते. बाकीचे सरकतात, नाव जागचं हलत नाही.