पेलाभर पाणी

जून १९६८ मधील ही गोष्ट आहे. अध्यापनाचे शिक्षण पुरे करून मी नुकताच शिक्षक झालो होतो. माझी पहिलीच नेमणूक सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, एका लहानशा वाडीवर झाली. कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या एस. टी.तून मी हेळवाकला उतरलो आणि डोक्यावर ट्रंक घेऊन चिखलातली चढण चढू लागलो. शाळा एकशिक्षकी होती. पहिली ते चौथीची सारी मुले एकाच खोलीत बसत.

खोली तरी कसली? पत्र्याची एक शेड! जुन्या शाळेच्या दगडमातीच्या भिंती ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या भूकंपात कोसळल्या होत्या. कोयना खोऱ्यातील त्या भूकंपात सुमारे दोनशे माणसे दगावली आणि हजारो घरांची पडझड झाली. धरणात पाणी साठू लागल्यावर, १९६२ पासूनच, त्या भागात लहानसहान धक्के जाणवत असत. परंतु एवढा मोठा तडाखा बसेल, असे कोणास वाटले नव्हते. दख्खनचा कातळ अढळ आहे, असेच आम्ही लहानपणी ऐकले होते.

मी नवा सदरा घातला होता. आवाज जरा भारदस्त करून मी हजेरीपट उघडला. नवा हजेरीपट अजून यावयाचा होता, म्हणून जुनाच पुढे घेतला. मी एकेक नाव वाचावे आणि "हजर, गुरुजी" असे उत्तर यावे, असे चालले होते. सातवे नाव वाचले. उत्तर आले नाही. मी ते पुन्हा, थोडे दरडावूनच, वाचले. मुले खाली पाहू लागली. शेवटी चौथीतील एक मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, तो भूकंपात गेला. ही त्याची बहीण."

तिने बोट दाखविले तिकडे दुसरीतील एक चिमुरडी पाटीची चौकट नखाने खरवडीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

पूर्वीच्या गुरुजींनी चौथी उत्तीर्ण होऊन गेलेल्या मुलांची नावे खोडली होती. हे नाव मात्र तसेच राहिले होते. ते विसरले होते, की त्यांच्याच्याने ते खोडवले नव्हते, कोण जाणे! पाठाचे टाचण कसे काढावे, हे मी शिकून आलो होतो. अशा वेळी काय बोलावे, हे शिकलो नव्हतो. मी ती चौकट कोरी सोडली आणि आठवे नाव वाचले.

लहानांना मी ग, म, भ, न गिरवावयास दिले आणि मोठ्यांना त्रैराशिकाचे उदाहरण घातले. इतक्यात पाऊस आला. कोयनेचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना त्याची कल्पना यावयाची नाही. पत्र्यावर असा काही गडगडाट सुरू झाला, की माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि पाहतो तो काय, सारी मुले पाट्या टाकून बाहेर धावली! भर पावसात, उघड्यावर, एकमेकांना बिलगून ती उभी राहिली.

"अरे, पाऊस आहे हा! आत या!" मी ओरडलो. कोणी हलेना. त्या पहाटेही जमिनीतून असाच आवाज आला होता, हे मला मागाहून कळले. शेड हलकी आहे, ती पडली तरी दगडी भिंतीइतका धोका नाही, असे मी परोपरीने समजावून सांगितले. पण भीतीला असले हिशेब पटत नाहीत.

तेव्हा चौथीतील ती मुलगी कुडकुडत पुढे आली. "गुरुजी, आमची आजी रात्री उशाशी पाण्याची परात ठेवते. जमीन हलली की पाणी हलतं. नुसता पाऊस असला तर हलत नाही."

मी ट्रंकेतून माझा पितळी पेला काढला, पागोळीखाली धरून काठोकाठ भरला आणि दाराच्या आत, जमिनीत रोवलेल्या एका दगडावर ठेवला. मुले उंबऱ्याशी जमली. वर पत्रा गर्जत होता आणि पेल्यातले पाणी आरशासारखे स्वस्थ होते. एक मुलगा आत आला. मग दुसरा आला. सर्वांत शेवटी ती चिमुरडी आली आणि पेल्यासमोर उकिडवी बसली.

"आज पाण्याची राखण तू कर," मी म्हटले. "हलले की सांग."

त्या दिवशी तिने एकही अक्षर गिरवले नाही, आणि मीही तिला तसे सांगितले नाही. बाकीच्यांचे त्रैराशिक मात्र सुटले. शाळा सुटतेवेळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हललं नाही." तिच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले शब्द.

पुढे राखणीची पाळी ठरली. श्रावणात एके दुपारी पाळीवरचा मुलगा ओरडला, "हललं!" पायांखाली जमीन किंचित थरथरली. कोणी रडले नाही, कोणी ढकलाढकली केली नाही. थोरल्यांनी लहानांचे हात धरले आणि सारी रांगेने बाहेर आली. मी शेवटी निघालो. हजेरीपट काखेत होता. थरथर केव्हाच थांबली होती. अंगणात उभे राहून मी मुले मोजली.

अकरा होती.