कास्तकाराचे दुःख त्याच्याच तृष्णेतून येते का?

प्रश्न : आमच्या विहारात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन चालते. बारा निदानांचा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, “अविद्येतून तृष्णा, तृष्णेतून दुःख. म्हणजे कर्जात बुडालेला कास्तकार स्वतःच्याच हव्यासाने बुडाला.” मला हे पटले नाही. प्रतीत्यसमुत्पाद खरेच असे सांगतो का?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : पटले नाही, हे योग्यच झाले. प्रतीत्य म्हणजे कशावर तरी अवलंबून, समुत्पाद म्हणजे उगवून येणे. सरकी टोबली की पऱ्हाटी उगवते, पण नुसत्या सरकीने नाही. ओल लागते, माती लागते, ऊन लागते. जूनच्या पहिल्या सरीनंतर पावसाने दडी मारली की तीच सरकी जमिनीत कुजते आणि दुबार पेरणी येते. सगळा दोष एकट्या तृष्णेवर टाकणारा माणूस या सिद्धान्ताचे नावच विसरतो.

अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, सहा आयतने, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती, जरामरण ही साखळी मन कसे गुंतत जाते ते दाखवते. तिच्यात मोकळे होण्याची जागा वेदना आणि तृष्णा यांच्या मध्ये आहे. हिरवे बोंड फोडले आणि आत गुलाबी अळी निघाली. डोळ्यांनी पाहिले, हा स्पर्श. पोटात खड्डा पडला, ही वेदना. इथपर्यंत काहीच आपल्या हातात नसते. त्या खड्ड्याकडे शांतपणे पाहता आले, तर पुढची कडी घट्ट होत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेत याचाच सराव करून घेतात, आणि त्याचे मोल मोठे आहे.

पण बोंडात अळी तृष्णेने पडली नाही! संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्माचे फळ असते, असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्धांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणे त्यांनी मोजली; कर्म त्यांतले एक. बाबासाहेबांनीही पूर्वजन्मीच्या कर्मावर गरिबी ढकलणारा सिद्धान्त बुद्धाचा असूच शकत नाही, असे ठामपणे मांडले.

दीघनिकायात तर हीच कार्यकारणाची साखळी समाजाला लावली आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. पहिली कडी राजवाड्यात आहे, झोपडीत नाही. कूटदन्त सुत्तातला पुरोहित राजाला सांगतो की दंडाने चोऱ्या थांबणार नाहीत; शेती करणाऱ्याला बियाणे आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला वेतन. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कथा यवतमाळात वाचताना माझे बोट ‘बियाणे’ या शब्दावर थांबते.

तुमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी सामूहिक आत्महत्या केली. त्यांच्या स्मरणार्थ या दिवशी आजही लोक अन्नत्याग करतात. भाव, पाणी, कर्ज, बाजार या कड्या न मोजता अशा मरणाला हव्यास म्हणणे अज्ञान आहे, आणि साखळीतली पहिली कडी अज्ञानाचीच, म्हणजे अविद्येची आहे.

वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, कापसाची पहिली वेचणी सुरू होण्याच्या सुमारास. त्याआधी एका संध्याकाळी दीघनिकायातले पाचवे सुत्त, कूटदन्त, विहारात मोठ्याने वाचा. आणि हव्यासाचा मुद्दा काढणाऱ्या त्या उपासकालाही आग्रहाने बोलवा.