फ्लूची लस ठेवणार असशील तर

पोरी, परवा फोनवर विचारलंस, "काका, दुकानात फ्लूची लस ठेवू का?" घाईत होतो म्हणून नुसतं "ठेव" म्हणालो. आता बैजवार सांगतो. माझं आयुष्य नळदुर्गात मेडिकलच्या काउंटरमागं गेलं, तुझं आता जळकोटात सुरू होतंय. हायवे तोच आणि गिऱ्हाईकही त्याच तऱ्हेचं, त्यामुळं यातलं बरंचसं तुझ्या उपयोगाचं निघेल.

पहिली गोष्ट तुझ्या भिंतीवरच टांगलेली आहे. तुझी दोन लायसन्सं आहेत, फॉर्म 20 आणि फॉर्म 21. लस, इन्सुलिन, सिरम असला शेड्यूल सी मधला माल 21 नंबरच्या जोरावर विकता येतो. दोन्हींपैकी एकातही सुई टोचायची परवानगी नाही. हे आत्ताच डोक्यात पक्कं कर, कारण पहिल्याच हंगामात कुणीतरी बाही वर करून म्हणणार आहे, "ताई, तूच टोच की, डॉक्टरला कशाला पैसे?" इंग्लंडात 2015 पासून औषध दुकानातच सरकारी योजनेतून फ्लूची लस देतात, अमेरिकेत 2009 पर्यंत सगळ्या राज्यांनी फार्मासिस्टला ती मुभा दिली. पण तिथं त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, लस द्यायला दुकानात आडोशाची खोली असते आणि कायदा पाठीशी असतो. आपल्याकडं यातलं काही नाही. उद्या आलं तर मी सगळ्यात आधी खूश होईन, कारण गावातला माणूस डॉक्टरपेक्षा जास्त वेळा मेडिकलची पायरी चढतो. तोवर मात्र चिठ्ठी डॉक्टरांची आणि सुईही डॉक्टरांची, नाहीतर त्यांच्या हाताखालच्या नर्सची. ओळखीचा माणूस रुसला तर रुसू दे.

मग आपल्या हातात काय उरतं, असं तुला वाटेल. पुष्कळ उरतं. लस थंड आणायची, थंड ठेवायची, योग्य हंगामात आणायची आणि ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्या कानावर घालायची.

हंगामापासून सुरू करू. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते की लसीत कुठल्या जातीचे विषाणू घालायचे. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशात उत्तरेला आहोत, पण आपला फ्लू हिवाळ्याची वाट बघत नाही, तो पावसाबरोबर येतो. काश्मीरचा फ्लू थंडीत, आपला जुलै ते सप्टेंबर. म्हणून आपल्या भागाला सोयीची ती दक्षिण गोलार्धाची, सप्टेंबरात ठरलेली आणि उन्हाळ्यात बाजारात येणारी लस. खोक्यावर कुठला गोलार्ध आणि कुठलं वर्ष ते छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय माल ताब्यात घेऊ नकोस. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा मृग लागायच्या आत टोचून झालेली बरी. एखाद्याची चुकली तर श्रावणातही घेता येते, पण नवरात्राच्या आत तरी व्हावी. कोजागरीला तुळजापूरकडं कर्नाटकातून पायी येणारी गर्दी तू बघितलीसच. एवढी माणसं एका रस्त्यानं खोकत चालली की ताप गावात मुक्कामाला राहतो.

आणि मागच्या हंगामाचा शिल्लक डोस, एक्सपायरी बाकी आहे म्हणून, कुणाच्या गळ्यात मारू नकोस. तारीख शिल्लक असली तरी आतले विषाणू गेल्या वर्षीचे असतात. कुणी विचारेल, पूर्वी चार जातींची लस यायची, आता तीनचीच का? खुशाल सांग की बी यामागाटा नावाची जात मार्च 2020 नंतर जगात कुठं खात्रीनं सापडलेली नाही, म्हणून 2023 च्या सप्टेंबरात संघटनेनं ती वगळायला सांगितलं. कंपनीनं कंजूषपणा केलेला नाही.

आता फ्रिज. इथं मी थोडी लांबण लावणार आहे, कारण आपला सगळा धंदा इथं तरतो किंवा बुडतो. लसीला 2 ते 8 अंश लागतात. वर गेली तर हळूहळू मरते, गोठली तर तत्काळ वाया जाते, आणि आपल्याकडं उन्हाच्या धास्तीनं लोक फ्रिज इतका कडक करतात की लस गोठूनच जास्त वाया जाते. दूध नासलं तर वासावरून कळतं, लस नासली तर दिसायला तशीच राहते. धनुर्वाताच्या किंवा त्रिगुणीच्या लसीला हलवून बघायची एक चाचणी आहे, गोठून वितळलेल्या बाटलीत गाळ लवकर बसतो. ती चाचणी फ्लूच्या लसीवर चालत नाही, कारण तिच्यात ते अॅल्युमिनियमचं मिश्रण नसतं. म्हणजे थर्मामीटर हाच एक साक्षीदार.

तेव्हा फ्रिजात थर्मामीटर ठेव, सकाळी दुकान उघडताना आणि रात्री बंद करताना आकडा बघ आणि वहीत लिही. रविवारी दुकान बंद असलं तरी लिही. लसीचं खोकं मधल्या फळीवर, खोक्यासकट ठेव, कारण उजेडही तिला चालत नाही. दारातल्या कप्प्यात नको, तिथं दर वेळी गरम वारा लागतो. बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर मुळीच नको. रिकाम्या जागेत आणि खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेव, लाइट गेली की त्या बाटल्याच थंडावा धरून ठेवतात. त्या फ्रिजात डबा, ताक, कोल्ड्रिंक, कुणाच्या लग्नाचे हार यातलं काहीही येता कामा नये. घरच्यांना हे सांगणं अवघड जाईल, पण सांग.

लाइट गेली तर दार उघडायचं नाही. इन्व्हर्टर घेण्याआधी तो फ्रिजचा कॉम्प्रेसर ओढतो का ते विचार, नुसते दिवे-पंखे चालवणारा आणून उपयोग नाही. आणि पारा हद्दीबाहेर गेलाच, तर तो माल बाजूला काढ, "विक्रीस नाही" अशी चिठ्ठी लाव, किती वाजता किती अंश होता ते लिहून कंपनीच्या माणसाला विचार. कंपनीकडं त्याचा अभ्यास असतो. "थोडंसंच गरम झालंय, चालेल" हे आपण ठरवायचं नाही.

माल येतो सोलापूरहून. एप्रिल-मे मध्ये तिथला पारा 42-43 ला टेकतो हे तुला काय सांगायचं. एसटीच्या टपावर किंवा डिकीत खोकं टाकून मागवायची पद्धत गोळ्यांपुरती ठीक, लसीला नाही. पहाटे स्वतः जा नाहीतर विश्वासाचा माणूस पाठव, थर्माकोलचं जाड खोकं घेऊन. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच लसीशेजारी ठेवू नकोस. बाहेर ठेव, घाम फुटू दे, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मग घाल, आणि मध्ये पुठ्ठा टाक. आमच्या काळी एका स्टॉकिस्टकडून आलेलं खोकं उघडलं तर लस दगडासारखी झालेली. आम्ही तिथंच परत लावून दिलं. भांडण झालं, पण बिलावर सही केली नाही. तूही माल उतरवताना आत थर्मामीटर बघितल्याशिवाय सही करू नकोस.

ही लस महाग, एका डोसला हजाराच्या वर जाते, आणि राहिली तर सहसा कुणी परत घेत नाही. म्हणून भरमसाट आणून ठेवायची नाही. आधी नावं लिहून घे, थोडी आगाऊ रक्कम घे, मग तेवढीच मागव. डॉक्टरांशी बोलून एक दिवस ठरव, बाजाराचा असला तर उत्तम, वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी येतातच. त्या दिवशी डोस पॅकच्या खोक्यात घालून थेट दवाखान्यात पोहोचव. गिऱ्हाइकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत लस देऊ नकोस. तो आधी पीठगिरणीत जाईल, मग चहा पिईल, मग डॉक्टरकडं. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी आलीच पाहिजे, त्याच्या फाइलमध्येही लिहून दे. पुढच्या वर्षी "कुठली घेतली होती?" असं विचारायची वेळ येते. सुई आणि सिरिंज दवाखान्याच्या कचऱ्यात जाते, तुझ्या दुकानामागच्या उकिरड्यावर नाही.

टोचल्यावर अर्धा तास माणसाला दवाखान्यातच बसवून ठेवायला सांग. क्वचित कुणाला मोठी रिअॅक्शन येते, तेव्हा अॅड्रिनॅलिन आणि ते देणारा हात जवळ लागतो. टोचणं तुझ्या बाकड्यावर का नको, त्याचं हेच उत्तर आहे. दंड दुखणं, एखादा दिवस कणकण येणं हे चालतं. टोचून घ्यायची लस मेलेल्या विषाणूची असते, तिनं फ्लू होत नाही.

आता कुणाला सांगायचं. याद्या पाठ करायची गरज नाही, तुझी उधारीची वहीच बघ. दर महिन्याला शुगरच्या गोळ्या नेणारे, बीपी आणि हृदयाची औषधं नेणारे, दम्याचा पंप नेणारे, किडनीचे रुग्ण, साठी-पासष्टी ओलांडलेले. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या बायका विसरू नकोस, छाती त्यांचीही पंपवाल्यांइतकीच कमजोर असते. गरोदर बाईला तिच्या डॉक्टरांना विचारायला सांग. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला जे काही मिळतं ते आईकडूनच. ज्याला आधी या लसीची मोठी रिअॅक्शन आली असेल किंवा आज ताप असेल त्याला डॉक्टरांकडं पाठव, तू हो किंवा नाही म्हणू नकोस.

आणि खोटं सांगून विकू नकोस. ही सर्दीची लस नाही. लस चांगली जुळली त्या वर्षी फ्लूनं दवाखाना गाठायची वेळ 40 ते 60 टक्क्यांनी कमी होते, एवढंच. घेऊनही एखाद्याला ताप येईल आणि तो तुझ्या दारात येऊन ओरडेल. आधीच सांगितलेलं असलं तर ओरडण्यात जोर राहत नाही. न्यूमोनिया होऊन सोलापूरला आयसीयूत पडण्याची शक्यता कमी करायला आपण हे देतो, हे साध्या भाषेत सांग.

लोकांना हा आजार किरकोळ वाटतो. 1918 ला मुंबई बंदरातून शिरलेली मानमोडीची साथ निजामाच्या राज्यातही पसरली होती. गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून तिच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या. 2009 च्या ऑगस्टात पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला, एक शाळकरी मुलगी. त्या महिन्यात आमच्या नळदुर्गातही लोक मास्क मागायला रांग लावून उभे होते, टॅमिफ्लू तर खाजगी दुकानात विकायचीच नव्हती. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस काढली, अहमदाबादच्या झायडसनं टोचायची. म्हणजे माल आपल्या देशातही तयार होतो. साथ ओसरली की गिऱ्हाईक विसरतं, तू विसरू नकोस. टॅमिफ्लू आता दुकानात ठेवता येते, पण चिठ्ठीवर आणि नोंद करून. ती पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर कामाची. "ताप आहे, एक अँटिबायोटिक द्या" म्हणणाऱ्याला मात्र अँटिबायोटिक देऊ नकोस, विषाणूवर ते चालत नाही.

पैशाचं एक सांगतो आणि थांबतो. राष्ट्रीय लसीकरणात फ्लूची लस नाही. पण स्वाइन फ्लूच्या साथीनंतर राज्य सरकारनं गरोदर बाया, शुगर-बीपीचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ती मोफत द्यायला सुरुवात केली होती. साठा येतो, संपतो, कधी येतच नाही. म्हणून दर मे महिन्यात आरोग्य केंद्रात आणि तालुक्याला चौकशी कर. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या भारतवैद्य बाया आणि गावची आशाताई यांना कुठं काय मिळतं ते आपल्याआधी कळतं, त्यांच्याशी ओळख ठेव. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला आधी तिकडं पाठव. मोफत मिळत असताना त्याला हजाराची लस विकलीस आणि महिन्यानं त्याला कळलं, तर तो तापाची गोळी घ्यायलासुद्धा तुझ्याकडं येणार नाही.

एप्रिल संपत आला की नव्या वहीचं पहिलं पान काढ आणि त्यावर सगळ्यात वर तुझं स्वतःचं नाव लिही. दिवसभर खोकणारी माणसं हातभर अंतरावर येऊन तुझ्याशी बोलणार आहेत.