धोंड्याचा महिना आणि शाळेचा जून

सख्यांनो, यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे जावयाचं वाण आलं. आणि त्याच दिवसांत मुलांच्या वह्या, गणवेश, पत्र्यावरची ताडपत्री. घाटकोपर असो की मुलुंड, चाळीत हे सगळे खर्च एकदमच दारात येतात.

म्हणून आजच वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात न टळणारे खर्च लिहा: भाडं, किराणा, गटाचा हप्ता, शाळा, ताडपत्री. दुसऱ्यात धोंड्याचा खर्च. आधी पहिला रकाना भागवा, उरेल त्यात वाण बसवा.

वाणात मान 33 या आकड्याचा आहे, चांदीचा नाही. 33 अनारसे घरी करा, नाही जमले तर 33 बत्तासेही चालतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, तेव्हा चार-पाच जणी मिळून आधीच ठरवा. लेकीच्या सासरी काय म्हणतील, ही धास्ती असतेच. लेकीशीच मोकळं बोला. आईने कर्ज काढलेलं तिलाही नको असतं.

पैसे कमी पडलेच तर गटात विचारा. 5,000 रुपयांवर महिन्याला 2 टक्के म्हणजे 100 रुपये व्याज, तेही गटातच राहतं. सावकाराने 10 टक्के लावले तर 500, ते गेले ते गेलेच. मात्र कर्ज शाळेसाठी घ्या, चांदीच्या ताटासाठी नको.

पुढचा धोंडा 2029 च्या चैत्रात. आतापासून महिन्याला 100 रुपये बाजूला टाकले तर 33 महिन्यांत 3,300 होतील. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, रकाने एकमेकींना दाखवू.